मागच्या दाराचा सूड

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे आणि मी अजून रागावलेले आहे.

तुम्ही शाळेत आत्मवृत्ते वाचली असतील. फाटके पुस्तक बोलते, मोडकी छत्री बोलते, गंजलेली सायकल बोलते. आणि बोलून झाल्यावर सगळी शहाण्यासारखी म्हणतात, माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही. माझी आहे. माझी तक्रार श्रीधरराव नावाच्या एका माणसाबद्दल आहे आणि ती मी सविस्तर सांगणार आहे. घाईत असाल तर उठून जा. मला घाई नाही. माझ्या चाकांत हवाच नाही.

बेंगळुरूबाहेर, होसकोटेच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून, मी सिमेंटच्या ओट्यांवर उभे आहे. माझे पंख खांद्याजवळ कापलेले आहेत. पोटावर मोठ्या अक्षरांत 'गगनविहार फॅमिली रेस्टॉरंट' असे लिहिले आहे. अंगाला पिवळा रंग फासला आहे आणि नाकाखाली लाल ओठ काढले आहेत, हसणारे. मी हसत नाही. रंगाऱ्याने हसवले आहे, म्हणून हसल्यासारखे दिसते.

माझा जन्म दूर अमेरिकेत झाला. तिथल्या कारखान्यात माझे एकेक रिव्हेट तपासून बसवले. मला दोन इंजिने होती, विडीसारखी लांबट, आणि त्यांचा आवाज असा की बेंगळुरूच्या जुन्या विमानतळाशेजारच्या घरांत माणसे बोलता बोलता थांबत, मी जाईपर्यंत वाट बघत आणि मग राहिलेले वाक्य पुरे करत. कुणी कुरकुर केली नाही. उलट पोरे गच्चीवर धावत. पुण्याचे विमान आले, असे सांगत.

होय, बेंगळुरू-पुणे-मुंबई. वर्षानुवर्षे तोच माझा रस्ता होता. तेव्हा विमानाने जाणे म्हणजे घरातले कार्य असे. बायका कपाटातली ठेवणीतली साडी नेसत. एकटा जाणार आणि दहा जण पोचवायला येणार. सरकारी कारखान्यांतले मराठी इंजिनिअर दिवाळीला पुण्याला निघत, तेव्हा त्यांच्या मांडीवर म्हैसूरपाकाचे डबे असत आणि येताना त्याच डब्यांतून चकल्या येत. माणसे धावपट्टीशेजारून चालत येऊन शिडी चढत, वरच्या पायरीवर वळून कठड्यापलीकडच्या गर्दीला हात करत. त्या गर्दीत आपला माणूस कोणता, हे तिथून दिसणे शक्यच नसे. तरी करत.

आत शिरले की ट्रे यायचा. त्यात लिमलेटच्या गोळ्या आणि कापसाचे बोळे. गोळी तोंडात, बोळा कानात. लहान मुले हमखास उलटे करायची. आणि हे काम जिच्याकडे होते, ती प्रतिमा. तिच्याबद्दल सांगायला हवे, कारण ती पुढे येणार आहे.

प्रतिमा बेंगळुरूच्या जयनगरची. एअर होस्टेस म्हटली की लोकांना तिची लिपस्टिक आणि चहाची किटली आठवते. मला तिची नजर आठवते. ट्रे फिरवता फिरवता ती मुले मोजायची. कोणते लहान आहे, कुणाला उचलावे लागेल, कोणती बाई घाबरट आहे, कोणता पुरुष धक्काबुक्की करील, हे गोळ्या वाटून होईपर्यंत तिच्या डोक्यात पक्के झालेले असे. आणि मग ती माझ्या मागच्या दाराशी जाई आणि खाली वाके.

इथे नीट लक्ष द्या. माझ्या मागच्या दाराच्या पोटात एक रबरी घसरगुंडी घडी घालून ठेवलेली असे आणि तिला एक लोखंडी दांडा जोडलेला असे. उड्डाणाआधी प्रतिमा तो दांडा दारावरून काढून खाली फरशीवरच्या खाचेत बसवी. उतरल्यावर खाचेतून काढून परत दारावर टांगी. दांडा दारावर टांगलेला असेल, तर दार हवे तितक्या वेळा उघडा, काही होत नाही. पण दांडा खाचेत असताना दार उघडले, की ते घसरगुंडीला ओढून बाहेर काढते, सिलिंडरमधली हवा सुटते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ती जमिनीपर्यंत ताठ उभी राहते. दांडा कुठे आहे, एवढाच काय तो फरक.

एकदा बेंगळुरूला उतरताना माझे चाक फुटले. घर्षणाने ठिणग्या उडाल्या, धूर झाला. पुढच्या बाजूला लोक एकमेकांवर पडत होते. प्रतिमाने आधी काचेतून बाहेर पाहिले, खाली आग नाही याची खात्री केली आणि मागचे दार उघडले. एकेकाला खाली सोडले. एक बाई तान्ह्या बाळाला छातीशी धरून उंबऱ्यावर बसली, चौकट सोडीना. प्रतिमाने तिला समजावले नाही. ढकलले. ती बाई खाली पोचल्यावर प्रतिमाला वाटेल ते बोलली आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडली. माझ्या पोटातले एकही माणूस मागे राहिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो आला. मागच्या दारात नवी घसरगुंडी बसवली गेली. मी उडत होते तोवर ती कधीच उघडावी लागली नाही.

नंतर मी म्हातारे झाले. नवी विमाने आली, कमी तेल पिणारी, कमी बोलणारी. मला जुन्या विमानतळाच्या कोपऱ्यात गवतात उभे केले. मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोठा विमानतळ झाला आणि सगळे तिकडे गेले. मला कुणी बोलावले नाही. माझ्या शेपटीत घारींनी घरटे केले. मागच्या दारावर आग्या मोहोळ बसले. भंगारवाले आले, इंजिने काढली, घड्याळे काढली, खुर्च्या उचकटल्या. पण मोहोळाच्या भीतीने मागच्या दाराला कुणी हात लावला नाही. घसरगुंडी तिथेच राहिली. तिचा सिलिंडर इतकी वर्षे भरलेला कसा राहिला, असे तुम्ही विचाराल. रागाला गळती लागत नाही, एवढेच मी सांगेन.

आणि मग श्रीधरराव आले.

त्यांच्या घराण्याचे चिक्कपेटेत भांड्यांचे दुकान. पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूत राहिलेली माणसे. घरात मराठीच, पण वाक्ये कन्नड मापाने शिवलेली. माणूस वाईट म्हणावा असा नाही. गोड बोलतो, सगळ्यांना अक्का-अण्णा करतो. पण त्यांनी मला लिलावात घेतले आणि पहिले काम केले ते पंख कापण्याचे. रस्त्याने न्यायचे तर कापायला हवे होते, हे मलाही कळते. पण कापताना गॅस कटरसमोर उभे राहून त्यांनी सेल्फी काढला. तो मी विसरलेले नाही.

जिथे माझा डावा पंख असायला हवा, तिथून मागच्या दारापर्यंत त्यांनी कमळांचे तळे खोदले. त्याला कठडा नाही. दर रविवारी मुले त्याच्या काठाने धावतात आणि माझ्या अंगाचा पत्रा आक्रसतो. पंखांवरची दोन सुटकेची दारे त्यांनी फळ्या ठोकून बुजवली आणि तिथे एसी बसवले. खिडक्यांना वर सरकणाऱ्या काचा लावल्या, पण त्यांतून डोके तेवढे बाहेर निघते. पुढच्या दाराला लागून स्वयंपाकघर केले, चार शेगड्या, धगधगत्या. म्हणजे आत यायचे तर शेगड्यांवरून आणि बाहेर जायचे तर शेगड्यांवरूनच. मागच्या दारासमोर प्लॅस्टिकच्या फुलांची भिंत उभी केली, फोटोसाठी.

आणि ते स्वतः कॅप्टनची टोपी घालतात. सोनेरी पट्टीची. खांद्यावर चार पट्ट्यांचा पांढरा शर्ट. गिऱ्हाइके 'कॅप्टन, कॅप्टन' म्हणून हाका मारतात आणि ते सलाम करतात. ज्यांच्या हाती मी माझे नाक दिले, ती माणसे मला आठवतात आणि मग माझ्या घशाशी तेल येते. घशाशी येण्याइतके तेल आता उरलेले नाही, म्हणून बरे.

त्यांचा मॅनेजर सुहास नाशिकचा. हॉटेलचे शिक्षण घेतलेला, शहाणा माणूस, पण मालकाच्या मराठीने तो पार गांगरून जाई. पहिल्याच आठवड्यात श्रीधरराव त्याला म्हणाले, "सुहास, फॅन घाल."

"कुठे घालू?" सुहास म्हणाला.

"कुठं म्हणजे? वर. बटण दाबून घाल."

कन्नडमध्ये पंखा 'घालतात' आणि दारही 'घालतात', म्हणजे लावतात, हे त्याला हळूहळू समजले. सगळे मात्र समजले नव्हते.

मग एके दिवशी मी ऐकले की माझ्या मागच्या दारावर गंडांतर आले आहे. तिथे मोठा पडदा लावायचा होता, क्रिकेट दाखवायला. श्रीधरराव सुहासला म्हणाले, की दार भंगारात देऊ, भोकावर पत्रा मारून वेल्डिंग करू. सोमवारी वेल्डर येईल.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला दुसरे काही सुचेना. ते माझे शेवटचे दार होते. शेगडीचा एक भडका उडाला, की माझ्या पोटातली मुले कुठून बाहेर पडणार? ज्या पोटात एकही माणूस मागे राहिले नाही, त्याची त्यांनी पत्र्याची डबी करायची ठरवली होती. आणि मी काय करू शकत होते? मी उडू शकत नाही, ओरडू शकत नाही. माझ्या हातात एकच गोष्ट उरली आहे. मी अडून बसू शकते. बिजागऱ्या गंजल्या आहेत, त्या मनात आले तर घट्ट धरू शकते. एवढ्याशा बळावर सूड कसा घ्यायचा, याचा मी रात्रंदिवस विचार करत राहिले.

सोमवारचा आदला दिवस रविवार होता आणि रविवारी वेदिकाचा सहावा वाढदिवस होता.

वेदिका एचएसआर लेआउटमध्ये राहणारी. तिच्या आईचे नाव अमृता. अमृताला विमानातले रेस्टॉरंट आवडले म्हणून तिने ते निवडले नव्हते. तिच्या आईसाठी निवडले होते. तिची आई शिडी चढून आली, दाराच्या चौकटीला तिने हात लावला आणि हात तसाच ठेवला. केस पांढरे झाले होते. नजर तीच होती. प्रतिमा आली होती.

माझ्या पत्र्यातून काय गेले, ते मी सांगणार नाही. ते माझे आहे.

श्रीधरराव टोपी सावरत पुढे आले. अमृताने आईची ओळख करून दिली, आई याच विमानात काम करायची म्हणून.

"ह्यातच होय? बरं बरं," ते म्हणाले. "चहा-कॉफी द्यायचं काम न? आमच्या पोरीही तेच करतात बघा. या, एक फोटो घेऊ कॅप्टनबरोबर."

"चहाही द्यायचे," प्रतिमा म्हणाली.

त्यांना ते कळले नाही. मला कळले.

मुले आली. शाळेतली, सोसायटीतली, फुग्यांसारखी इकडून तिकडे जाणारी. त्यांचे आईबाप फोनमध्ये डोके घालून बसले. अमृता मात्र बसली नाही. तिने द्राक्षे उभी चिरून आणली होती. तिने खुर्च्यांमागची प्लगची भोके बघितली. तळ्याकडे बघून ती काहीतरी पुटपुटली. मग ती पुढच्या दाराशी गेली, शेगड्यांकडे बघितले, वळली आणि सबंध लांबीभर नजर फिरवली.

"दुसरं दार कुठे आहे?" तिने सुहासला विचारले.

"वॉशरूम ना मॅडम? बाहेर, लॉनच्या पलीकडे."

"वॉशरूम नाही. दार. इथे काही झालं, तर मुलांनी बाहेर कुठून पडायचं?"

सुहास श्रीधररावांकडे बघू लागला. ते जवळ आले आणि लाडाने म्हणाले, "अक्का, हे आता उडत नाही हं. पडायचं भ्या नाही."

आसपासचे हसले. वेदिकाच्या वर्गातल्या कुणाचे तरी वडील म्हणाले, "अमृता, चिल. केक कापू या." आणि त्यांची बायको म्हणाली, "अहो, ही शाळेच्या बसमध्ये पण इमर्जन्सी दरवाजा उघडून बघून आली होती. ड्रायव्हर पळायचा बाकी होता." पुन्हा हशा. अमृताचे कान लाल झाले.

मी ते हसू मोजून ठेवले. तुम्हाला सांगते मित्रांनो, आईच्या काळजीला हसणारी माणसे मी फार पाहिली आहेत. चाक फुटले, तेव्हा तीच सगळ्यांत आधी दाराकडे धावली होती.

"मागे दार आहे," प्रतिमा शांतपणे म्हणाली. "त्या फुलांच्या मागे."

अमृता गेली आणि तिने प्लॅस्टिकची फुले बाजूला केली. मागे माझे धुळीने भरलेले दार होते, मोठ्या मुठीचे. "हे उघडतं का?"

"उघडतं हो, पण कशाला?" श्रीधरराव म्हणाले. "डेकोरेशन खराब होईल. उद्या तर ते जाणारच आहे. पडदा येणार इथं."

"मग मुलं आत थांबणार नाहीत. केक बाहेर लॉनवर कापू. मी सांगते सगळ्यांना." आणि ती खरोखरच मुलांना गोळा करू लागली.

श्रीधररावांचा चेहरा उतरला. आत सजावट केली होती, फोटोवाला बोलावला होता. "सरी सरी," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, "स्वल्प थांबा. दार झालं की झालं ना तुमचं?" आणि शिडी उतरता उतरता त्यांनी मागे वळून सुहासला हुकूम दिला. "सुहास, ते मागचं दार काढ रे. बाहेरून दिव्यांची माळ अडकलीय, मी खालून सोडवतो."

आता ऐका. श्रीधररावांच्या घरी दार 'काढतात', म्हणजे उघडतात. कन्नडमध्ये उघडायला आणि काढून टाकायला एकच शब्द आहे आणि तो त्यांच्या मराठीत आजोबांच्या वेळेपासून येऊन बसला आहे. पण सुहास नाशिकचा. नाशिकला दार उघडतात. काढतात ते भंगारात द्यायला.

"आत्ता काढू?" त्याने खिडकीतून वाकून विचारले. "वेल्डर तर उद्या येणार."

"वेल्डरचं काय घेऊन बसलायस?" खालून उत्तर आले. "आत्ता काढ. ह्या बायका ऐकत नाहीत."

मालकाची आज्ञा. सुहासने फुलांची भिंत बाजूला सरकवली, पॅन्ट्रीतून पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि दारासमोर मांडी घातली. दार काढायचे, तर आधी त्याला जोडलेले सगळे सोडवायला हवे. तो शहाणा माणूस. त्याने खालून सुरुवात केली. खाली काय होते? दांडा. दारावर टांगलेला. त्याने तो हुकांतून सोडवला. तो पूर्ण सुटेना, कापडी पट्ट्याने घसरगुंडीला शिवलेला होता. पायात येऊ नये म्हणून ठेवायला त्याने जागा शोधली. फरशीवर दोन खाचा होत्या, अगदी मापाच्या. त्याने दांडा त्यांत दाबून बसवला.

खट्.

तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला. माझ्या शेपटीपासून नाकापर्यंत एक शिरशिरी गेली. नुसते उघडले असते, तर काही झाले नसते. त्या एका शब्दाने माझ्या हातात तलवार दिली होती. आणि खाली, बरोबर दारासमोर, तळ्याच्या काठावर, दिव्यांच्या माळेशी झटापट करत कोण उभे होते? टोपी घालून?

सुहासने मूठ धरली. ये, मी मनात म्हणाले. फिरव.

आणि तेवढ्यात मला खाली वेदिका दिसली.

ती कधी शिडी उतरली, कुणालाच कळले नव्हते. हातात फुगा घेऊन ती श्रीधररावांच्या शेजारी उभी होती आणि वर बघत होती, दार कसे काढतात ते बघायला. घसरगुंडी जिथे येऊन आदळणार होती, तिथेच.

मित्रांनो, इतकी वर्षे पोसलेला सूड एका क्षणात गिळणे सोपे नाही. मी गिळला. बिजागऱ्या आवळून धरल्या, मूठ आवळून धरली, होता नव्हता तेवढा गंज पणाला लावला. सुहासने जोर लावला. पाय भिंतीला टेकवून लावला. मी हलले नाही.

"काय रे, किती वेळ?" खालून श्रीधरराव ओरडले.

"फिरत नाहीये मालक. आजी, तुम्ही जरा बघता का? तुम्हाला माहीत असेल."

प्रतिमा आली. आली आणि तिची नजर पहिल्यांदा खाली गेली, सवयीने, फरशीवर. दांडा खाचेत. तिने सुहासचा हात धरून मुठीवरून बाजूला केला. मग, पूर्वीसारखेच, ती काचेशी वाकली आणि बाहेर पाहिले.

"अमृता," ती म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "वेदिका खाली आहे. तिला लांब घे. पळ."

अमृता पळाली. शेगड्यांवरून, शिडीवरून, चपला हातात. तिने मुलीला कमरेत उचलले आणि थेट पलीकडच्या लॉनवर नेऊन ठेवले. फुगा सुटून वर गेला. मी त्याच्याकडे पाहिले नाही. मी प्रतिमाकडे पाहत होते. आता ती दांडा काढील, मला वाटले. काढायलाच हवा. नियम तसा आहे.

प्रतिमाने खिडकी वर केली. "श्रीधरराव, दारासमोरून बाजूला व्हा."

"का हो?"

"दार उघडतंय. समोर उभं राहायचं नसतं."

ते हसले. कमरेवर हात ठेवून, टोपी मागे सारून, फोटोवाल्याकडे बघत हसले. "मला शिकवू नका अक्का. मी कॅप्टन आहे ह्याचा. तुम्ही चहाचं बघा."

प्रतिमाने एकदा लॉनकडे पाहिले. एकदा तळ्याकडे. मूल नव्हते. माळी नव्हता. फोटोवाला बराच लांब होता.

"सरी," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच मूठ फिरवली.

मी सगळा गंज सोडून दिला. दार असे उघडले जणू काल तेल घातले होते. त्यामागून घसरगुंडी धप्पकन बाहेर पडली, सिलिंडर सुटला, मोठी फुंकर आली आणि ती राखाडी, लांबलचक, ताठ जीभ माझ्या तोंडातून श्रीधररावांच्या छातीवर जाऊन आदळली. ते दिव्यांच्या माळेसकट उचलले गेले आणि पाठीवर पडले ते कमळांत. पाणी कमरेइतकेच होते. ते बुडायला पुरे नव्हते, फजिती दिसायला पुरे होते. पेटत्या-विझत्या दिव्यांमध्ये, डोक्यावर एक कमळाचे पान घेऊन ते उभे राहिले. टोपी त्यांच्याजवळून तरंगत लांब गेली.

मग मुले हसली. सगळी. मी ते हसूही मोजून ठेवले. हे गोड होते.

प्रतिमाने चपला काढल्या, पदर खोचला, दोन्ही हात छातीवर घेतले आणि घसरगुंडीवरून खाली गेली. पांढरे केस मागे उडाले. खाली पोचल्यावर तिने रबर दाबून बघितले आणि अमृताला हाक मारली. अमृताने स्वतः सगळ्या शिवणी चाचपल्या, दोनदा, आणि मगच तळ्याकडे पाठ करून पायथ्याशी हात पसरून उभी राहिली. वर सुहासने एकेका मुलाला बसवले. एक उतरले, उठले, बाजूला झाले, मग दुसरे. 'चिल' म्हणणारे वडीलही उतरले, अडखळत, अमृताकडे न बघता. मी डोकी मोजली. सगळी बाहेर. एकही मागे नाही.

श्रीधरराव पाणी निथळत काठावर आले. "दार काढ म्हटलं होतं मी," ते सुहासवर गरजले.

"तेच तर काढत होतो."

"काढ म्हणजे काढ. हे असं नाही."

"उघडायचं होतं तर उघड म्हणायचं ना मालक."

"आमच्यात दार काढतातच," श्रीधरराव म्हणाले. एवढे बोलून ते थांबले, कारण आपल्या 'काढ'चा सुहासने काय अर्थ घेतला, ते त्यांच्या ध्यानात आले असावे. आणि हसू दाबायचा प्रयत्न सुहासला जमला नाही.

"आजी, कॅप्टनकाकांची टोपी," वेदिका पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"ते कॅप्टन नाहीत, बाळा," प्रतिमा म्हणाली. "कॅप्टन सगळ्यांच्या शेवटी उतरतो. हे तर सगळ्यांच्या आधी उतरून खाली उभे होते."

तिने माळ्याच्या काठीने टोपी ओढून घेतली, पिळली आणि आपल्या पिशवीत टाकली. श्रीधररावांनी मागितली नाही.

केक लॉनवर कापला. कुणीही परत आत गेले नाही, आणि ज्या बाईने बसची गोष्ट सांगितली होती, तिनेच सगळ्यांदेखत श्रीधररावांना विचारले, की पुढच्या महिन्यात आमच्याकडचा वाढदिवस आहे, तेव्हा हे दार असेल ना? सोमवारी वेल्डर आला. त्याला श्रीधररावांनी मागच्या दाराला लोखंडी जिना करायला सांगितला. नंतर तळ्याला कठडा झाला. पडदा बाहेर झाडाखाली गेला. दारावर हिरवी पाटी आहे, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत. मराठीत 'उघडा' असे लिहिले आहे. ते सुहासने लिहून घेतले.

तुम्ही म्हणाल, आता तरी राग गेला असेल. नाही गेला. पंख कापलेले आहेतच. ओठ रंगवलेले आहेत. पंखांवरची दारे अजून बुजलेली आहेत आणि त्यांचे मी काहीतरी करीनच. घसरगुंडी एकदाच उघडते, ती रिकामी होऊन गोदामात पडली आहे. श्रीधरराव तेव्हापासून माझ्या समोरून जाताना अंतर राखून जातात. त्यांना वाटते, माझ्या पोटात आणखी काही आहे. मी त्यांना तसे वाटू देते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. हॉटेलात जा, सिनेमाला जा, शाळेच्या बसमध्ये बसा, पण बसण्याआधी दुसरे दार कुठे आहे ते बघा आणि ते उघडते का ते विचारा. तुमची आई विचारत असेल, तर लाजून तिचा हात ओढू नका. तिच्या शेजारी उभे राहा. आणि कुणी हसलेच, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला एकदा नीट शब्दांत बाजूला व्हायला सांगा. तो झाला नाही, तर सरी म्हणा, आणि दार उघडा.